मुलाचा फॉर्म भरताना आईचा पेन थांबतो तेव्हा

प्रश्न विचारणाऱ्या ताई जुळे सोलापुरात राहतात, वय ४१. नऊ वर्षांच्या मुलाला नुकतंच एडीएचडीचं, म्हणजे अवधान कमी आणि चंचलपणा जास्त असण्याच्या विकाराचं, निदान झालं आहे. डॉक्टरांनी दिलेली प्रश्नावली भरताना त्यांच्या लक्षात आलं, की यातली निम्म्याहून जास्त वाक्यं आपल्यालाच लागू पडतात. त्यांचे वडील आता ७० वर्षांचे. पूर्व भागात त्यांचे चार यंत्रमाग होते. मागांवर दिवस दिवस न कंटाळता उभे राहायचे, पण बिलं महिनोन् महिने ट्रंकेत पडून असायची. ताईंनी विचारलं आहे : हे मोठेपणी जातं का? मुलाला गोळ्या सुरू कराव्यात का? आणि माझं या वयात काही होईल का?

ताई, फॉर्म भरता भरता आईचा पेन थांबतो, हे मी गेली २२ वर्षं ओपीडीत बघते आहे. मध्येच ती वर बघते आणि आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, हे मोठ्यांनाही असतं का?" कधी आईच्या जागी बाप असतो.

असतं. घरात एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता बरीच जास्त असते. जुळ्या भावंडांवर जगभर अभ्यास झाले आहेत, त्यांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. उंचीचा वाटाही साधारण एवढाच. उंच माणसाचा मुलगा उंच निघाला तर आपण त्याच्या आईच्या वळणाला बोल लावत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र "आईनं लाडावून ठेवलंय" हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल, घरातही ऐकलं असेल. ते चूक आहे आणि समोरच्याला तसं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

आता वडिलांचं. तुम्ही लिहिलंय की ते मागावर तासन् तास रमायचे, मग त्यांना लक्षाचा विकार कसा असेल? या प्रश्नातच बरंचसं उत्तर आहे. चार माग एकदम चालू असताना काय होतं ते आठवून बघा. खडखडाट, नजर या मागावरून त्या मागावर. सूत तुटलं की माग थांबतो, हात तिथे जातो, गाठ बसते, माग पुन्हा चालू. चूक त्या क्षणी कळते आणि दुरुस्तीही त्या क्षणी दिसते. ट्रंकेतलं बिल मात्र गप्प असतं. आज नाही केलं तर आज काहीच बिघडत नाही, बिघडतं ते दीड-दोन महिन्यांनी. एडीएचडी असलेल्या मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांचं काम, विशेषतः कपाळामागच्या भागात, थोडं वेगळं चालतं. त्यामुळे समोरची, आत्ताची गोष्ट त्याला ओढून घेते आणि लांबची गोष्ट कितीही महत्त्वाची असली तरी तिचं वजन जाणवत नाही. म्हणून 'अवधान कमी' हे नाव मला कधीच नीट वाटलं नाही. लक्ष असतं, पण ते हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेळी नेऊन ठेवता येत नाही.

तुमच्या वडिलांना किंवा तुम्हाला शाळेत कुणी ओळखलं कसं नाही, याचंही कारण आहे. जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १९०२ साली लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं. पण 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आलं १९८० साली आणि आजचं एडीएचडी हे नाव १९८७ साली. निकष ठरले ते मुख्यतः वर्गात धिंगाणा घालणाऱ्या मुलांकडे बघून. लक्षणं सातव्या वर्षाच्या आत दिसलीच पाहिजेत ही अट २०१३ मध्ये बदलून बाराव्या वर्षापर्यंत आली. त्याच वेळी १७ वर्षांपुढच्यांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी मानली गेली. तुम्ही शाळेत असताना शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी या चौकटीत बसतच नव्हती. तिला 'वेंधळी' म्हणायचे आणि विषय संपायचा.

हे मोठेपणी जातं का? बहुतेकांचं पूर्ण जात नाही. लहान मुलांत प्रमाण साधारण ५ टक्के धरतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं. मोठ्यांत ते अडीच टक्क्यांच्या आसपास येतं. पण मोठ्यांच्या आकड्यात न आलेल्या कितीतरी जणांना त्रास उरतोच, फक्त मोजणीच्या रेषेखाली. उड्या मारणं थांबतं, आतली चुळबुळ राहते. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका तेरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांना मी छातीठोक सांगितलं होतं, "दहावीपर्यंत सुटेल हे." त्यांनी विश्वासानं उपचार थांबवले. तो मुलगा चोविसाव्या वर्षी परत आला. पुण्यातल्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या, मोटारसायकलच्या अपघातात पायात रॉड बसला होता, आणि आपण आळशी आहोत हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. त्यानंतर मी ते वाक्य कुणालाही बोललेले नाही.

त्याच्याकडून मला जे कळलं ते असं. विकार साधारण तोच राहतो, बदलतो तो भोवतालचा टेकू. शाळेची घंटा, आईची हाक, ट्यूशनचं वेळापत्रक हे सगळे टेकू आहेत. ते आहेत तोवर गाडी चालते. एखादा टेकू निघाला आणि त्या जागी दुसरा लावला गेला नाही, की माणूस कोसळतो आणि सगळ्यांना वाटतं आजार वाढला. म्हणून वय कुठलंही असो, मी पहिल्यांदा हेच विचारते : सध्या टेकू कुठले आहेत आणि येत्या वर्षात त्यातला कुठला निघणार आहे?

मुलाकडे येऊ. निदान झालंय म्हणता, तरी काही गोष्टी तपासल्या गेल्यात ना ते बघा. कान आणि डोळे. रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का (अ‍ॅडेनॉइड ही नाकामागची गाठ वाढलेल्या मुलाची झोप नीट होत नाही आणि दिवसा तो अगदी एडीएचडीसारखा वागतो). हिमोग्लोबिन, थायरॉइड. बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवतो का, कारण फिटचा एक प्रकार असाही असतो. आणि आपल्या सोलापुरातली खास गोष्ट म्हणजे भाषा. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शाळा इंग्रजी. अशा मुलाला वर्गात काय चाललंय तेच कळत नसेल तर तो खिडकीबाहेरच बघणार. अशी मुलं माझ्याकडे 'लक्ष नाही' म्हणून आली आहेत आणि त्यांना गोळीची नव्हे, भाषा समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज होती. लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवीत, तीही सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ. वाचन-लेखन वयाच्या मानानं मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची वेगळी चाचणी करून घ्याच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती त्यावर मिळतात. नुसता एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. बऱ्याच पालकांना हे नववीत कळतं, तेव्हा धावपळ होते.

सकाळचं उदाहरण घेते, कारण बहुतेक घरांत भांडण तिथेच होतं. रिक्षावाले काका सातला खाली हॉर्न वाजवणार. तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडताय, "आवर लवकर, दात घास, दप्तर भर, बूट घाल." तुमच्या मुलाला त्यातलं पहिलं ऐकू येतं. न्हाणीघरापर्यंत जाताना त्याला पालीचं पिल्लू दिसतं आणि उरलेलं सगळं पुसलं जातं. तो ऐकत नाही असं नाही, चार सूचना एका वेळी धरून ठेवणारी डोक्यातली पाटी त्याची छोटी आहे. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, डोळ्यांत बघून एकच गोष्ट सांगा आणि तो ती करायला लागेपर्यंत तिथेच थांबा. वेळ जातो असं वाटेल, पण पंधरा वेळा ओरडण्यात जास्त जातो. दप्तर रात्रीच दाराशी. दात, कपडे, बूट, डबा अशी चार चित्रं न्हाणीघराच्या दारावर, त्याच्याच हातानं काढलेली.

बक्षीस लगेच द्यायचं. "वार्षिक परीक्षेत नंबर आला तर सायकल" हे त्याच्यासाठी ट्रंकेतल्या बिलासारखं आहे. दहा मिनिटं गणितं केली की पाच मिनिटं गच्चीवर धावून ये, हे त्याला मागासारखं लगेच कळतं. पाढे उभ्यानं म्हणू द्या, फेऱ्या मारत म्हणू द्या. बाईंना भेटून पहिला बाक मागा, दारा-खिडकीपासून दूर, आणि मध्ये मध्ये फळा पुसायला, वह्या वाटायला त्यालाच उठवा म्हणावं. शिक्षा म्हणून खेळाचा तास बंद करू नका अशी हात जोडून विनंती करा. या मुलाकडून तीच एक गोष्ट काढून घेणं सगळ्यात महाग पडतं.

आणि वयाचा हिशेब बदला. २००७ साली अमेरिकेत मुलांच्या मेंदूची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूचा बाहेरचा थर जाडीच्या शिखरावर पोहोचण्याचं सरासरी वय इतर मुलांत साडेसात होतं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. म्हणजे क्रम तोच, पण तीन वर्षं उशिरा. तुमचा मुलगा बुद्धीनं नऊचाच आहे, पण स्वतःला आवरण्याच्या बाबतीत त्याच्याकडून सहा-सात वर्षांच्या मुलाएवढीच अपेक्षा ठेवा. मी पालकांना एवढं एक सांगते आणि निम्म्या घरांतला मार थांबतो.

गोळ्यांबद्दल. सहा वर्षांच्या आतल्या मुलात मी आधी पालकांचं प्रशिक्षणच करते. नवव्या वर्षी मात्र वरचं सगळं दोन-तीन महिने मनापासून करूनही अभ्यास, मैत्री, स्वतःबद्दलचं मत बिघडतच असेल तर गोळी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मेथिलफेनिडेट हे मुख्य औषध. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि साधारण चार तास टिकते, लांब पल्ल्याची शाळेचा दिवस सांभाळते. भूक मरते, झोप उशिरा लागते, क्वचित चिडचिड होते. म्हणून गोळीच्या आधी पोटभर भाकरी-शेंगाचटणी, दूध, काय आवडतं ते, आणि रात्री पुन्हा नीट जेवण. दर काही महिन्यांनी वजन, उंची, नाडी, रक्तदाब. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे, त्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळूच नये. त्यावरून "नशेची गोळी आहे" ही अफवा पसरते. योग्य मात्रेत, देखरेखीखाली घेतलेल्या या औषधामुळे पुढे व्यसन लागतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन, त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत बंद करू नका.

स्मरणशक्तीच्या सिरपवर आणि मेंदू जागृत करणाऱ्या शिबिरांवर पैसे घालवू नका. एका मागावर घर चालवणाऱ्या माणसानं त्यासाठी कर्ज काढलेलं मी पाहिलंय. साखर बंद केल्यानं एडीएचडी जात नाही. मोबाइलनं तो होत नाही, पण या मुलांच्या हातून मोबाइल सुटणं इतरांपेक्षा अवघड असतं हे खरं.

किशोरवयाचं थोडक्यात. बारावीपर्यंत आई उठवते, बाबा सोडतात. मग सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मुलगा पुण्याला जातो, हॉस्टेलवर राहतो आणि सगळे टेकू एकाच आठवड्यात निघतात. पहिल्या सेमिस्टरला नापास होणाऱ्या हुशार मुलांत माझे जुने पेशंट असतात. म्हणून अकरावीपासूनच एकेक गोष्ट त्याच्या हाती द्या, गजर लावण्यापासून. गाडी उशिरा द्या, हेल्मेटशिवाय देऊच नका. अपघात या मुलांत जास्त होतात. तंबाखू, मावा, सिगारेट यांकडेही ती लवकर वळतात, कारण निकोटिननं घटकाभर लक्ष लागल्यासारखं वाटतं. हे त्याला भीती घालून नव्हे, कारण सांगून समजवा.

आता तुमचं. खरं तर मला याच भागासाठी उत्तर लिहायचं होतं.

तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे येतात त्या 'टेन्शन'साठी. बहुतेकींना आधी नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या मिळालेल्या असतात, थोडा फरक पडतो, मूळ तसंच. मी विचारते, पाण्याचा दिवस लक्षात राहतो का? आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. ज्या बाईचा तो दिवस चुकतो तिला घरात पुढचे चार दिवस काय ऐकावं लागतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. एकीनं मला सांगितलं होतं, "पाणी आलं, मोटर लावली, तेवढ्यात फोन आला. अर्ध्या तासानं शेजारीण दार वाजवत होती, टाकी वाहून जिन्यावरून पाणी." ती रडत होती ती पाण्यासाठी नाही. लग्न झाल्यापासून 'हिच्यावर काही सोपवता येत नाही' हे ऐकून ऐकून ते तिला स्वतःलाच पटलं होतं. शाळेत वेंधळी, सासरी गबाळी, आणि हे सगळं झाकायला रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून केलेली कामं. असं झाकून जगण्यात किती शक्ती जाते हे बाहेरच्याला दिसत नाही.

आत्ताच का वाढलं, असं वाटत असेल तर त्यालाही आधार आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक डोपामिनच्या कामाला हातभार लावतं. चाळिशीनंतर ते वर-खाली होऊ लागतं, तसा विसराळूपणा आणि चिडचिड वाढते. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही कित्येकींना हाच अनुभव येतो. त्यात मुलाच्या शाळेचं वेळापत्रक तुमच्याच डोक्यावर.

निदानासाठी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, झोप आणि नैराश्य ही तपासणी आधी. मग लहानपणाचा पुरावा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' असे शेरे लिहिलेली प्रगतिपुस्तकं अजून माळ्यावर असतील. तीच औषधं मोठ्यांनाही चालतात, रक्तदाब आणि हृदय बघून. सोबत वर्तनोपचार. पाण्याच्या दिवसाचा गजर फोनमध्ये, मोटर लावली की लगेच वीस मिनिटांचा दुसरा गजर. चाव्यांना एकच खिळा. लाइट बिल बँकेतून आपोआप. वही एकच, तीन वह्या म्हणजे एकही नाही.

आणि एकटीनं करू नका. पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका ओट्यावर एकत्र बसतात ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. प्रत्येकीचं सूप वेगळं, पण शेजारी कुणी काम करतंय म्हणून आपलाही हात चालतो. कागदपत्रं, बँक, मुलाच्या फीचं काम असेल तेव्हा बहिणीला किंवा शेजारणीला नुसतं शेजारी बसायला सांगा. तिनं मटार सोलले तरी चालतील. माझ्या कितीतरी पेशंटना गोळीइतकाच याचा उपयोग झालाय.

तुमचा उपचार मागे ठेवू नका, "आधी त्याचं होऊ दे" म्हणून. आईचाच एडीएचडी उपचाराविना असेल तर पालक-प्रशिक्षणाचा मुलाला होणारा फायदा कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलंय. जी शिस्त तुम्ही त्याच्यासाठी रोज पाळायची, ती पाळायला तुमच्याही मेंदूला मदत लागणार. संध्याकाळचा अभ्यास आणि दप्तर हे काम मुलाच्या बाबांकडे द्या, 'मदत' म्हणून नाही, त्यांचं काम म्हणून.

वडिलांच्या बाबतीत फार काही करावं लागेलच असं नाही. माग बंद झाल्यावर त्यांचा दिवस विस्कटला असणार. सायरन नाही, कामगार नाहीत, सूत नाही. आता ते साखरेची गोळी विसरतात, त्याच खोलीत तीनदा चष्मा शोधतात, आणि तुम्हाला स्मृतिभ्रंशाची भीती वाटत असेल. आयुष्यभर असाच असलेला विसराळूपणा वेगळा. पण जो माणूस सिद्धेश्वर मंदिरापासून घरापर्यंत डोळे झाकून यायचा तो रस्ता चुकू लागला, ओळखीची नावं हरवू लागली, हिशेबात कधी न होणाऱ्या चुका होऊ लागल्या, तर ते नवीन आहे आणि लगेच दाखवा. त्यांना ऐकू कमी येतंय का तेही बघा. या वयात उत्तेजक औषधं हृदयाचा विचार करूनच, बहुतेकदा मी देत नाही. वारांप्रमाणे कप्पे असलेली गोळ्यांची डबी, सकाळी ठरलेल्या वेळी देवळापर्यंत चालणं आणि हातांना काम. नातवाची सायकल दुरुस्त करायला द्या, दोघांचाही तास बरा जाईल.

खासगीत जमत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं, कुठे जायचं ते तिथूनही सांगतात. जाताना मुलाच्या चालू वर्षाच्या वह्या न्या, छान लिहिलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या दोन्ही. तुमची जुनी प्रगतिपुस्तकं न्या. जमलं तर वडिलांनाही सोबत घ्या आणि शाळा कशी होती, कशामुळे सुटली, हे डॉक्टरांसमोर त्यांना सावकाश सांगू द्या.